वजन बरोबर, तरी डायपर गळतो: कारण शोधायचा क्रम

लहान मुलांच्या टेप डायपरच्या लाइनवर वारंवार परत येणारी तक्रार म्हणजे गळती. त्यातही सर्वांत चकवणारी गळती ती, जिच्या लॉटची क्यूसीची (दर्जा तपासणीची) वही स्वच्छ असते: सरासरी वजन बरोबर, लांबी-रुंदी बरोबर, टेपची पकड बरोबर. मग बैठकीत ठरते की अर्धा ग्रॅम सॅप (द्रव शोषून जेल होणारी पॉलिमरची पूड) वाढवा. प्रत्येक नगामागे खर्च वाढतो, पंधरा दिवस तक्रारी कमी झाल्यासारख्या वाटतात आणि पुन्हा सुरू होतात.

याचे कारण साधे आहे. अशा बहुतेक लॉटमध्ये सॅप एकूण कमी नसते. ते लघवी पडते त्या जागी नसते, किंवा लघवी त्याच्यापर्यंत वेळेत पोचत नाही, किंवा ते काही ठरावीक नगांमध्येच कमी असते. तराजू यातले काहीच सांगत नाही. म्हणून रेसिपीला हात लावण्याआधी खालचा क्रम पूर्ण करा. पहिल्या चार तपासण्यांना लाइन थांबवावी लागत नाही आणि खर्चही जवळपास नाही.

पुढचे आकडे मध्यम आकाराच्या, पल्प (लाकडाच्या लगद्याचे तंतू) आणि सॅपचा कोर, म्हणजे मधला शोषक गाभा, असलेल्या डायपरचे, उदाहरणादाखल आहेत: एकूण २५ ग्रॅम, त्यात ८ ग्रॅम पल्प, ८ ग्रॅम सॅप आणि उरलेले ९ ग्रॅम म्हणजे नॉनवोव्हन (न विणलेले कापड), फिल्म (तळाचा प्लास्टिकचा थर), इलॅस्टिक, टेप आणि ग्लू. लाइनचा वेग मिनिटाला ४०० नग. तुमच्या स्पेसिफिकेशनचे आकडे त्या जागी घाला.

लक्षणे

- एकाच पाकिटातला एखादा डायपर गळतो, बाकीचे चांगले निघतात.
- डायपर अर्धाही भरलेला नाही, तरी मांडीजवळ कपडे ओले. उघडून पाहिले तर पाठीकडचा भाग कोरडा.
- पहिली लघवी नीट शोषली जाते, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बाजूने ओघळते.
- मांडीच्या कडा कोरड्या, पण बॅकशीट (तळाचा बाहेरचा थर) बाहेरून ओलसर.
- ओला झाल्यावर कोर मधोमध तुटतो आणि गोळा खाली लोंबतो.
- मुलाच्या त्वचेवर जेलचे पारदर्शक कण दिसतात.
- तक्रारी पावसाळ्यात बनलेल्या लॉटच्या असतात, किंवा उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात राहिलेल्या मालाच्या.

यातले नेमके कोणते लक्षण आहे ते आधी ठरवा. नुसते ‘लीकेज’ असे तक्रार-वहीत लिहिलेले असेल तर ती नोंद कामाची नाही. विक्रेत्याकडून किंवा पालकांकडून तीनच गोष्टी मागा: कुठून गळला, किती तासांनी, आणि पाकिटावरचा बॅच कोड व वेळ.

१. परत आलेला डायपर तोला आणि उघडा

वापरलेला डायपर हवाबंद पिशवीतच मागवा, नाहीतर वाटेत पाणी उडून जाते आणि वजन खोटे येते. हातमोजे आणि मास्क घालूनच हाताळा. पिशवीचे वजन वजा करा, मग कोऱ्या डायपरचे २५ ग्रॅम वजा करा. उरते ते शोषलेले द्रव.

परत आलेल्या डायपरचे वजन ३१० ग्रॅम असेल तर त्यात २८५ ग्रॅम द्रव आहे. तो रात्रभर राहिलेला, क्षमतेपलीकडे भरलेला डायपर आहे. यात कारखान्याचा दोष शोधू नका, आकाराचा आणि बदलण्याच्या वेळेचा सल्ला द्या. पण वजन १२० ग्रॅम, म्हणजे द्रव फक्त ९५ ग्रॅम, आणि तरी गळला असेल, तर दोष आपल्याकडे आहे.

मग तो सपाट उघडून फुगलेल्या भागाची सीमा पेनने आखा. जेल फक्त पुढे साठले आणि मागचा अर्धा भाग कोरडा असेल तर प्रश्न पसरण्याचा किंवा जागेचा आहे. एका बाजूची मांडी ओली आणि दुसरी कोरडी असेल तर कफ (मांडीजवळचा उभा काठ) किंवा कोरची डावी-उजवी वाटणी पाहायची. कोर सगळीकडे सारखा भिजलेला असून तळ बाहेरून ओला असेल तर फिल्म. या एका नजरेने पुढचे अर्धे काम वाचते.

कफ आत दुमडलेला राहिला होता का, हेही विचारून घ्या. तसे झाले की उत्तम डायपरही मांडीतून गळतो.

२. थेंब टाकून पाहा, आणि रोलचे लेबल वाचा

टॉपशीटचे, म्हणजे त्वचेला लागणाऱ्या थराचे, नॉनवोव्हन पाणी आत घेणारे असते, कफचे पाणी अडवणारे. रंग दोघांचा पांढरा, वजन जवळजवळ सारखे, हाताला फरक कळत नाही. रोल बदलताना चुकीचा रोल चढला तर लाइन मुकाट चालत राहते; एकही सेन्सर ओरडत नाही.

तपासणीला ड्रॉपर आणि सलाइन पुरते. सलाइन म्हणजे ९ ग्रॅम शुद्ध मीठ, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर. टॉपशीटवर रुंदीभर पाच ठिकाणी एकेक थेंब टाका. काही सेकंदांत सगळे आत गेले पाहिजेत. मग कफवर टाका. तिथे थेंब मोत्यासारखा उभा राहिला पाहिजे. कफवर थेंब झिरपत असेल तर दोन शक्यता: चुकीचा रोल, किंवा टॉपशीटवरचे पाणी ओढणारे रसायन साठवणीत कफकडे सरकले आहे. दुसरी गोष्ट गरम गोदामात आणि दाबून भरलेल्या पाकिटात जास्त होते. फरक ओळखण्यासाठी त्याच लॉटचा राखून ठेवलेला थंड जागेतला नमुना आणि बाजारातून आणलेला नमुना, दोन्हींवर थेंब टाका. फक्त बाजारातल्याच्या कफवर झिरपला तर पुरवठादाराशी फिनिशबद्दल, म्हणजे या रसायनाच्या लेपाबद्दल, बोला.

टॉपशीटखालचा एडीएल, म्हणजे द्रव झटकन घेऊन पसरवणारा थर, तो आहे का आणि जागेवर आहे का, हेही याच वेळी पट्टीने मोजा. तो पुढच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावर सुरू झाला पाहिजे. ३० मिमी मागे सरकला तरी मुलग्यांच्या डायपरमध्ये पुढून गळती सुरू होते, कारण धार पडते तिथे खाली तो थर नसतो. सरकण्याचे कारण बहुतेक वेळा सेन्सरच्या काचेवरची पल्पची धूळ असते. ती पुसणे हे दर शिफ्टचे काम आहे.

३. लाइट टेबल

काचेखाली एलईडी पॅनेल, एवढेच उपकरण. डायपर ताणून त्यावर चिकटवा. बघायचे ते असे: फिकट भोके म्हणजे कोर तिथे पातळ आहे, गडद गाठी म्हणजे पल्प नीट सुटलेला नाही, लांबीला समांतर गडद-फिकट पट्टा म्हणजे सॅपचे नोझल अर्धवट तुंबले आहे किंवा वाकले आहे, आडवी फिकट रेघ म्हणजे कोर कापताना किंवा पोचवताना ताणला गेला, आणि ओला झाल्यावर तो तिथेच तुटणार.

कोरच्या दोन्ही टोकांपासून डायपरच्या कडेपर्यंतचे अंतरही मोजा. कोर मागे-पुढे सरकला तर एकूण वजनात मिलिग्रामचाही फरक पडत नाही, आणि गळती मात्र नक्की होते.

४. सलग २४ नग: या तपासणीला सर्वांत जास्त वेळ द्या

तासाला पाच नग उचलून सरासरी काढायची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. ती कच्च्या मालाचा खप सांभाळायला ठीक आहे. गळती पकडायला ती अपुरी पडते, कारण डायपर मशीनचे दोष फेऱ्याने येतात.

कोर बनतो तो फिरत्या ड्रमवर. ड्रमवर कोरच्या आकाराचे साचे असतात, प्रत्येकाच्या तळाला जाळी, आणि जाळीखाली व्हॅक्यूम. समजा सहा साचे आहेत आणि चौथ्याची जाळी तुंबली. मग प्रत्येक सहावा डायपर हलका. बाकीच्या पाच साच्यांचे नग २५.१ ग्रॅमचे आणि चौथ्याचा २३.१ ग्रॅमचा असेल, तर एकूण सरासरी २४.८ ग्रॅम येते. वहीत ती मर्यादेच्या आत बसते. पण दर २४ नगांत चार डायपर २ ग्रॅमने उणे बाजारात जातात, आणि ही सगळी तूट कोरमधलीच असते, कारण बाकीचे थर रोलमधून सारखेच येतात. पालकांना दिसते ते इतकेच: पाकिटातले काही चांगले, काही गळके.

म्हणून फायनल कटनंतर आणि स्टॅकरच्या (नग रचणाऱ्या यंत्राच्या) आधी, कन्व्हेयरवरून ओळीने २४ नग उचला. साचे सहा असतील तर २४ म्हणजे चार पूर्ण फेरे. साचे वेगळे असतील तर त्या आकड्याची चौपट घ्या. प्रत्येकावर क्रमांक टाका, ०.०१ ग्रॅमच्या तराजूवर तोला, आणि सहा स्तंभांत मांडा: पहिल्या स्तंभात १, ७, १३, १९; दुसऱ्यात २, ८, १४, २०; असे पुढे. या काळात रिजेक्ट गेट एखादा नग बाहेर टाकत असेल तर तोही उचलून त्याच क्रमात घाला, नाहीतर सगळा ताल चुकतो.

एकच स्तंभ सतत खाली दिसला तर तो साचा काढून जाळी तपासा. एक सोडून एक नग वेगळा येत असेल तर दोन पात्यांच्या कटरकडे किंवा दोन ठशांच्या रोलरकडे जा. वजन हळूहळू चढते-उतरते असेल तर पल्प रोलचा फीड किंवा व्हॅक्यूम अस्थिर आहे. काहीच ताल नसेल आणि वजने इकडेतिकडे विखुरली असतील तर हॅमर मिलमध्ये (पल्पचे तंतू सुटे करणाऱ्या यंत्रात) गाठी होत आहेत. चार वेगळी यंत्रे, चार वेगळ्या दुरुस्त्या, आणि सरासरीत चारही सारखीच दिसतात.

लाइन सुरू होतानाचे नगही एकदा असेच तोला. वेग चढत असताना सॅपचा फीडर आणि मिल एकाच गतीने वेग पकडत नाहीत, त्यामुळे सुरुवातीच्या नगांत पल्प-सॅपचे प्रमाण बिघडलेले असते. किती नगांनंतर वजन स्थिर होते ते मोजा आणि त्यात थोडी भर घालून तेवढे आपोआप रिजेक्ट होतील असे सेटिंग ठेवा. दिवसात दहादा लाइन थांबत असेल तर हाच एक स्रोत पुरेशा तक्रारी देतो.

५. कोर कापून तोला

सगळ्या स्तंभांची वजने सारखी आली तरी आत काय आहे ते कळत नाही. पल्प १ ग्रॅम जास्त आणि सॅप १ ग्रॅम कमी, तर एकूण २५ ग्रॅमच. पण १ ग्रॅम सॅप दाबून पिळल्यावरही २५ ते ३० ग्रॅम सलाइन धरून ठेवते. पल्प दाबाखाली त्याच्या आसपासही धरत नाही. म्हणजे तराजूला काही न कळता एका डायपरमागे साधारण पंचवीस मिलिलिटरची क्षमता गेली.

पोलादी पट्टी आणि धारदार ब्लेडने कोरच्या रुंदीची पट्टी कापून घ्या. कोर ३६० मिमी असेल तर तिचे ९० मिमीचे चार तुकडे करा. हे ट्रेवर करा; सांडलेले कण त्या त्या तुकड्यात परत घाला. आधी कोरडे तोला. सपाट कोर असेल तर चारही तुकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. पुढे जास्त माल ठेवणारा कोर असेल तर डिझाइनच्या प्रमाणात. दुसरा एक नग उभा चिरून डावा-उजवा तोला. दोन बाजूंत दहा टक्क्यांच्या पुढे फरक असेल तर पल्प ड्रमवर एका अंगाने पडतो आहे.

मग प्रत्येक तुकडा नॉनवोव्हनच्या पिशवीत बंद करून ३० मिनिटे सलाइनमध्ये बुडवा, सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रात) पिळा, तोला. कोरडे वजन सारखे असूनही ज्या तुकड्यात पिळल्यानंतरचे वजन कमी, तिथे सॅप कमी. सेंट्रिफ्यूज नसेल आणि नुसते टांगून निथळले तर पल्पमधले सुटे पाणीही मोजले जाते आणि फरक पुसट होतो. तरी मोठा दोष असेल तर दिसतो.

नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नका. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे सॅपची शोषणक्षमता घटते, आणि पाणी बदलले की निकाल बदलतो. उलट नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात सॅप सलाइनच्या कितीतरी पट फुगते. विक्रीच्या प्रात्यक्षिकात निळे पाणी ओतून दाखवतात त्या आकड्याचा मुलाच्या लघवीशी संबंध नसतो, कारण लघवीत क्षार असतात.

६. कफ आणि इलॅस्टिक

उभ्या कफचे टोक पुढे-मागे चिकटवलेले असते. ते सुटले की कफ उभा राहण्याऐवजी लोळतो. दहा नग घेऊन बोटाने उचकटून पाहा. एकही सुटला तर ती ग्लू गन तपासा.

इलॅस्टिकचा ताण मोजायला यंत्र लागत नाही. मशीनवर ताणलेल्या स्थितीत ज्या धाग्याला ३०० मिमी लांबी मिळते, तो कापून मोकळा सोडल्यावर १०० मिमी व्हायला हवा, जर तुमचे प्रमाण तिप्पट असेल. तो १२० मिमी आला तर ताण कमी पडतो आहे: बॉबिन नीट सुटत नाही किंवा फीड रोलर घसरतो आहे. हा धागा लाइन थांबवून, गार्ड लॉक करूनच काढा.

ताण बरोबर असूनही बाजारातला माल ढिला निघत असेल तर धागा ग्लूमधून मागे सरकतो आहे. डायपर ताणून फळीवर ठोका, धाग्याच्या दोन बिंदूंवर खुणा करा, त्या खुणांवर धाग्याला काप द्या आणि ३८-४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये चार तास ठेवा. टोके खुणांपासून किती सरकली ते मोजा. तुमच्या चांगल्या लॉटचा आकडा आधीपासून नोंदलेला असेल तरच या चाचणीला अर्थ आहे. आकडा बिघडला असेल तर ग्लूचे प्रमाण, नोझल आणि तापमान या क्रमाने पाहा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात माल जातो तेव्हा ही चाचणी टाळून चालत नाही.

हॉटमेल्टचे (वितळवून लावायच्या ग्लूचे) तापमान साधारण १४० ते १६५ अंशांच्या दरम्यान ठेवतात. नेमका आकडा ग्लूच्या डेटाशीटवर असतो. टाकीत माल कमी ठेवून तासन् तास गरम ठेवला की कडेला तो जळतो, काळे कण फिल्टरमध्ये आणि नोझलमध्ये जातात, आणि एका धाग्यावरचा ग्लू नाहीसा होतो. टाकी वेळोवेळी भरत राहा आणि लांब थांब्यात तापमान उतरवा.

७. शोषणाचा वेग, परत ओल आणि फिल्म

६० मिलि सलाइनचे तीन डोस, मध्ये दहा-दहा मिनिटे. प्रत्येक डोस आत जायला किती सेकंद लागले ते लिहा. तिसऱ्या डोसनंतर दहा मिनिटांनी, आधी तोललेले फिल्टर पेपर त्या जागी ठेवून त्यावर १० × १० सेंमी पायाचे साधारण ४.९ किलोचे वजन दोन मिनिटे ठेवा. हा दाब ०.७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) होतो. पेपरचे वाढलेले वजन म्हणजे बाळाच्या त्वचेला परत लागणारी ओल. रॅशच्या तक्रारींचा पहिला दुवा इथे मिळतो.

पहिलाच डोस हळू गेला तर टॉपशीट आणि एडीएलकडे परत जा. पहिला झटपट आणि तिसरा फारच रेंगाळला तर सॅप फुगून एकमेकांना चिकटते आहे आणि द्रवाची वाट बंद करते आहे. त्यासाठी पुढची तपासणी.

तळातल्या गळतीसाठी रंगीत सलाइन वापरून डायपर पांढऱ्या टिश्यूवर ठेवा आणि वरून वजन द्या. ठिपके उमटले तर फिल्मला सूक्ष्म भोके आहेत. कोर फार जोरात दाबला की सॅपचे टोकदार कण पातळ फिल्मला टोचतात. दाब रोलरमधले अंतर थोडे वाढवा आणि पुन्हा तपासा. टिश्यू एकसारखा दमट झाला पण ठिपके नाहीत, तर श्वास घेणाऱ्या फिल्ममधून येणारी वाफ असू शकते. तिला गळती समजून मशीनशी खेळू नका.

८. सॅपचा लॉट

चहाच्या पिशवीसारख्या सीलबंद पिशवीत ०.२०० ग्रॅम सॅप, ३० मिनिटे सलाइनमध्ये, मग गुरुत्वाच्या २५० पट बलाने तीन मिनिटे सेंट्रिफ्यूज. सोबत रिकाम्या पिशव्याही पिळा आणि त्यांचे वजन वजा करा. डायपरच्या सॅपमध्ये ही धारणक्षमता साधारणपणे २८ ते ३५ ग्रॅम प्रति ग्रॅम येते.

खरेदी विभाग बहुतेक वेळा हाच एक आकडा पाहतो, आणि इथेच गोम आहे. धारणक्षमता जितकी जास्त तितकी पॉलिमरची गुंफण सैल. जेल मऊ होते आणि बाळ त्यावर बसले की चेपून वाट अडवते. म्हणून दाबाखालची शोषणक्षमता सोबत मोजलीच पाहिजे. धारणक्षमता ३६ पण ०.७ पीएसआयखाली १४ असा लॉट कागदावर आकर्षक असतो आणि डायपरमध्ये तिसऱ्या लघवीला गळतो. पल्प कमी, सॅप जास्त असलेल्या पातळ कोरमध्ये तर दाबाखालचा आकडाच जास्त महत्त्वाचा. दोन्ही चाचण्यांच्या पद्धती आयएसओ १७१९० मालिकेत दिलेल्या आहेत. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर दोन्ही आकडे मागा.

९. मिल, फीडर, ड्रम: मेंटेनन्सला सोबत घेऊन

आधी सॅप फीडर. लाइनपासून वेगळा करून चालू वेगाच्या सेटिंगवर १५ सेकंद बादलीत धरा. मिनिटाला ४०० नग, प्रत्येकी ८ ग्रॅम, म्हणजे ३,२०० ग्रॅम. १५ सेकंदांत ८०० ग्रॅम. ओळीने पाच वेळा घ्या. सरासरी ८०० असूनही आकडे ७६० ते ८४० असे नाचत असतील तर स्क्रूमध्ये किंवा हॉपरमध्ये गठ्ठे होत आहेत. कोकणपट्टीत, भिवंडीच्या पट्ट्यात पावसाळ्यात हे हमखास होते: उघडी राहिलेली सॅपची बॅग हवेतली ओल खाते. बॅग उघडल्यापासून संपेपर्यंत तोंड बांधलेलेच ठेवा आणि हॉपरला कोरडी हवा द्या.

मग तासाचा हिशेब. ४०० च्या वेगाने तासाला २४,००० नग, सॅप १९२ किलो. बॅगांचा खप २०६ किलो आणि कोरमध्ये ८ ग्रॅमच सापडते, तर तासाला १४ किलो सॅप जाळीतून व्हॅक्यूमबरोबर धूळ-फिल्टरमध्ये जात आहे. जाळी फाटली आहे किंवा व्हॅक्यूम गरजेपेक्षा जास्त आहे. स्वच्छ मशीनवरचे व्हॅक्यूमचे आकडे गेजशेजारी चिकटवून ठेवा. आजचा आकडा चांगला की वाईट हे त्याशिवाय ठरत नाही.

पल्पच्या गाठींसाठी मिलचा करंट, हॅमरच्या टोकांची झीज आणि स्क्रीनची भोके पाहा. हवा फार कोरडी असेल तर तंतूंवर स्थिर विद्युत साठते, ते भिंतींना चिकटतात आणि गोळ्यांनी सुटतात. हॉलची आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवली तर हे दोन्ही त्रास, पावसाळ्यातले आणि मार्च-एप्रिलमधले, बऱ्याच प्रमाणात टळतात.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

मिलच्या बेअरिंगचा आवाज, कंप किंवा तापमान वाढले असेल तर ‘शिफ्ट संपेपर्यंत’ असे म्हणू नका. पल्पची धूळ पेट घेते, आणि तापलेले बेअरिंग हे त्याचे एक कारण असते. मशीन बंद करून कंपन-विश्लेषण करणारा तंत्रज्ञ बोलवा. बंद केल्यावरही रोटर बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबून पुरवठा लॉक झाल्याशिवाय झाकण उघडू नका. धूळ दाबाच्या हवेने उडवू नका, व्हॅक्यूमने ओढा. सांडलेल्या सॅपवर पाणी मारू नका. जमीन बर्फासारखी निसरडी होते. कोरडे झाडून घ्या.

ग्लूची होज, हीटर, पंप उघडण्याचे काम ग्लू यंत्रणेच्या प्रशिक्षित माणसाचेच. आत दाब असतो आणि १६० अंशांचा ग्लू त्वचेवर चिकटून बसतो. कुणाला भाजले तर वाहत्या थंड पाण्याखाली धरा, चिकटलेला ग्लू ओढून काढू नका, सरळ दवाखान्यात न्या.

सर्वो (मोटर), एन्कोडर (फिरण्याची जागा मोजणारा सेन्सर) आणि पीएलसीमधली (मशीनच्या नियंत्रकातली) फेज जुळवणी मशीन बनवणाऱ्याच्या इंजिनिअरने करावी. ऑपरेटरने पडद्यावर आकडे बदलत जागा ‘जुळवली’ की दोष दुसऱ्या स्टेशनवर सरकतो आणि मूळ सेटिंग हरवते. आधीचे आकडे फोटो काढून ठेवा.

मुलाच्या त्वचेवर फोड, जखम, पुळ्या अशी तक्रार असेल तर चर्चा मशीनवर नेऊ नका. पालकांना त्वरित बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगा, वेगळा डायपर वापरायला सांगा, आणि नमुना बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पीएच व सूक्ष्मजीव तपासणीला पाठवा. लहान मुलांच्या डायपरसाठी भारतीय मानक आयएस १७५०९ हे २०२१ चे आहे. प्रयोगशाळेला त्याचाच संदर्भ द्या.

तज्ज्ञ येण्याआधी हे तयार ठेवा: सलग २४ नगांचा तक्ता, चार तुकड्यांची कोरडी आणि पिळलेली वजने, तीन डोसचे सेकंद, सॅप-पल्प-ग्लूचे लॉट क्रमांक, व्हॅक्यूम आणि आर्द्रतेची नोंद, आणि दोष सुरू झाला त्या आसपास कोणता रोल बदलला त्याची वेळ. शेवटच्या चांगल्या नमुन्यापासून पुढचा सगळा माल लाल टॅग लावून वेगळा ठेवा, आणि फेरा सापडेपर्यंत त्यातले एकही पाकीट ट्रकवर चढू देऊ नका.